मॉडच्या गर्दीत गेम कोसळतो तेव्हा

भोरहून महाडकडे उतरणारा वरंधा घाट पावसाळ्यात दरडींच्या भीतीने जड वाहनांना बंद होतो. भोरजवळच्या उत्रोलीत घरी बसून ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ खेळणाऱ्याचा ट्रक दरडीपायी अडत नाही. त्याला अडवतो तो क्रॅश. प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअर या कंपनीने २०१२ साली आणलेला हा गेम आजही आपल्याकडे खेळला जातो, त्यामागे मॉडचा, म्हणजे खेळाडूंनी बनवलेल्या जोडण्यांचा, वाटा मोठा आहे. मूळ गेममध्ये स्कॅनिया, व्होल्वो आणि युरोपातले महामार्ग. हौशी मंडळींनी त्यात टाटा आणि अशोक लेलँडचे ट्रक आणले, लाल एसटी आणली, भारतातल्या रस्त्यांचे नकाशे जोडले, हॉर्नसुद्धा आपल्याकडचे बसवले. असे चाळीस-पन्नास मॉड एकत्र आले की एखाद्या संध्याकाळी पडदा गोठतो, आवाज अडखळतो आणि आपण थेट डेस्कटॉपवर येऊन पडतो.

मग ठरलेली धावपळ सुरू होते. शेवटी टाकलेला मॉड काढायचा, ग्राफिक्स कमी करायचे, ड्रायव्हर बदलायचा आणि तरी जमलं नाही तर सगळा गेम काढून पुन्हा टाकायचा. यातला शेवटचा उपाय सर्वांत महाग आणि बहुतेक वेळा सर्वांत निरुपयोगी. स्टीमवरून गेम काढला तरी तुमची प्रोफाइल, सेटिंग आणि हाताने टाकलेले मॉड ‘डॉक्युमेंट्स’मधल्या गेमच्या फोल्डरमध्ये तसेच राहतात. म्हणजे मोबाइलचा सगळा डेटा खर्चून गेम पुन्हा उतरवायचा आणि बिघाड होता तिथेच!

क्रॅशचं कारण अंदाजाने सापडत नाही, एकेक शक्यता वगळत गेलं की सापडतं. त्यासाठी नियम दोनच: एका वेळी एकच बदल करायचा आणि प्रत्येक बदल वहीत लिहायचा. पाच बदल एकदम करून गेम सुरू झाला, तरी तो कशामुळे सुरू झाला हे कळत नाही. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा कोसळला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

कधी कोसळतो?

दुरुस्तीला हात घालण्याआधी एवढा एक प्रश्न विचारा. क्रॅशच्या वेळेवरून निम्मी शोधाशोध वाचते.

गेम सुरू करताच, प्रोफाइल निवडायच्या आधीच बंद पडत असेल तर मॉडवर संशय घेण्याचं कारण कमी असतं. हा गेम प्रत्येक प्रोफाइलची मॉडची यादी वेगळी ठेवतो आणि प्रोफाइल उघडताना ती लागू करतो. त्याआधीच्या क्रॅशमागे गेमची खराब झालेली फाइल, ग्राफिक्स ड्रायव्हर, अँटिव्हायरसने अडवलेली फाइल किंवा पडद्यावर आकडे दाखवणारा एखादा ओव्हरले प्रोग्रॅम असण्याची शक्यता जास्त.

प्रोफाइल निवडल्यावर लोडिंगची पट्टी मध्येच थांबून गेम पडला तर मॉड आणि गेमची आवृत्ती जुळत नसावी, नकाशाला लागणारा डीएलसी, म्हणजे कंपनीचा वेगळा विकत घ्यायचा भाग, तुमच्याकडे नसावा किंवा दोन मॉड एकाच गोष्टीवर हक्क सांगत असावेत.

नकाशावर ठरावीक वळणाशी किंवा ठरावीक शहरात शिरताना पडत असेल तर संशय नकाशाच्या मॉडवर घ्या. तेच ठिकाण उलट दिशेने, दुसऱ्या ट्रकने गाठून पाहा. तिथेही पडला तर संशय बळकट झाला. रस्त्यावरच्या इतर गाड्यांचा, म्हणजे ट्रॅफिकचा मॉड असेल तर मात्र क्रॅश ठिकाण बदलत राहतो, कारण सदोष गाडी कुठेही समोर येऊ शकते.

ट्रकचं दुकान उघडताना, गॅरेजमध्ये रंग बदलताना किंवा कामांची यादी पाहताना पडत असेल तर ट्रक, ट्रेलर किंवा कंपन्यांचे मॉड तपासायचे. गेम तासभर उत्तम चालून मग कुठेही पडत असेल तर मेमरी आणि तापमान तपासायचं. आणि गेमबरोबर अख्खा संगणकच बंद पडत असेल किंवा आपोआप पुन्हा सुरू होत असेल, तर मॉडची यादी बाजूला ठेवा. तो बहुधा विजेचा, पॉवर सप्लायचा किंवा उष्णतेचा मामला असतो. त्याकडे पुढे येऊ.

आधी प्रत, मग प्रयोग

‘डॉक्युमेंट्स’मध्ये ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ नावाचं फोल्डर असतं. त्याची पूर्ण प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या. प्रोफाइल बनवताना स्टीम क्लाउडचा पर्याय चालू ठेवला असेल तर तुमचा प्रवास या फोल्डरमध्ये नसून स्टीमच्या ‘युजरडेटा’ फोल्डरमध्ये, २२७३०० या क्रमांकाखाली असतो. भरपूर मॉड असलेल्या प्रोफाइलसाठी क्लाउड बंद ठेवलेला बरा. प्रत घेणं आणि जुनी प्रत परत ठेवणं सोपं जातं.

विंडोजमध्ये ‘डॉक्युमेंट्स’ वनड्राइव्हला जोडलेलं असेल तर तेही तपासा. कित्येक जीबींचे मॉड वर चढवण्याचा प्रयत्न करत वनड्राइव्ह त्याच फाइली धरून बसतं. जागा वाचवण्यासाठी काही फाइली संगणकावरून हलवून फक्त क्लाउडवर ठेवतं. गेमला ऐन वेळी फाइल मिळत नाही आणि बोल मात्र मॉडला लागतो. गेमचं फोल्डर वनड्राइव्हच्या कक्षेबाहेर ठेवलं की हा प्रश्न मिटतो.

आता पाया तपासा. स्टीममध्ये गेमच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन फाइलींची अखंडता पडताळणारा पर्याय चालवा. खराब झालेल्या फाइलीच तेवढ्या पुन्हा उतरतात, त्यामुळे डेटा थोडाच लागतो. मग एक नवी प्रोफाइल बनवा. तिच्यात एकही मॉड घालू नका आणि अर्धा-पाऊण तास खेळा.

ही रिकामी प्रोफाइलसुद्धा कोसळली तर दोष मॉडमध्ये नाही. ड्रायव्हर, विंडोज किंवा यंत्र तपासायला घ्या. ती नीट चालली तर दोष मॉडमध्ये किंवा जुन्या सेव्हमध्ये आहे. एवढ्या एका चाचणीने अर्धं मैदान मोकळं होतं, आणि नेमकी हीच चाचणी बहुतेक जण टाळतात.

लॉग काय सांगतो

गेमच्या त्याच फोल्डरमध्ये ‘गेम.लॉग.टीएक्सटी’ नावाची फाइल असते. गेम सुरू झाल्यापासून बंद पडेपर्यंत त्याने काय उघडलं आणि कुठे अडखळला याची नोंद तिच्यात होते. गेम पुन्हा सुरू केला की ही फाइल नव्याने लिहिली जाते. म्हणून क्रॅश झाल्याबरोबर, दुसऱ्यांदा गेम चालवण्याआधी, तिची प्रत काढून नावात तारीख आणि वेळ घाला. बाजूलाच ‘गेम.क्रॅश.टीएक्सटी’ दिसली तर तिचीही प्रत ठेवा.

लॉगची फाइल नोटपॅडमध्ये उघडून खालून वर वाचा. ‘एरर’ शब्द दिसला की घाबरू नका. मॉड घातलेला गेम अगदी सुरळीत चालत असतानाही लॉगमध्ये अशा ओळींची रांग लागते: कुठे एखादं चित्र सापडत नाही, कुठे एखादा आवाज. त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी असतात. शोधायच्या त्या क्रॅशच्या अगदी आधीच्या ओळी, आणि तीन-चार क्रॅशच्या लॉगमध्ये शेवटी पुन्हा पुन्हा येणारं एकच नाव.

नाव म्हणजे फाइलीचा पत्ता. पत्त्यात ‘व्हेइकल’ आणि ‘ट्रक’ असेल तर ट्रकचा मॉड, ‘मॅप’ असेल तर नकाशा, ‘डेफ’ आणि ‘कंपनी’ असेल तर मालाच्या कंपन्यांची व्याख्या बदलणारा मॉड. मॉडच्या लेखकाने आपलं टोपणनाव फोल्डरला दिलेलं असतं, तेही पत्त्यात दिसतं. तिथून यादीतला मॉड ओळखायला वेळ लागत नाही. ‘डँगलिंग पॉइंटर’ असा उल्लेख आला तर एका मॉडने दुसऱ्या कुठल्या तरी वस्तूचा हवाला दिला आहे आणि ती वस्तू गेमला सापडलेली नाही. ती वस्तू पुरवणारा मॉड किंवा डीएलसी राहून गेला असण्याची शक्यता असते.

लॉग अचानक तुटला असेल, शेवटी काहीच सांगत नसेल, तर विंडोजकडे विचारणा करायची. स्टार्ट मेनूत ‘रिलायबिलिटी’ लिहून शोधलं की एक तक्ता उघडतो. कोणत्या दिवशी कोणता प्रोग्रॅम पडला हे त्यात लाल खुणांनी दिसतं. त्या खुणेच्या तपशिलात सदोष मॉड्यूलचं नाव असतं. तिथे ग्राफिक्स ड्रायव्हरची फाइल दिसली तर एक दिशा मिळाली. ‘०एक्ससी००००००५’ हा संकेत दिसला तर प्रोग्रॅमने आपल्या हक्काची नसलेली मेमरी वाचण्याचा किंवा लिहिण्याचा प्रयत्न केला, एवढाच त्याचा अर्थ. मॉड, ड्रायव्हर आणि खराब रॅम या तिन्हींमुळे हा संकेत येऊ शकतो, म्हणून एवढ्यावरून निकाल देऊ नका.

आवृत्ती जुळते का?

परवापर्यंत चाललेला गेम काल काहीही न बदलता कोसळायला लागला, अशी तक्रार बरेचदा ऐकू येते. तुम्ही काही बदललं नसेल. स्टीमने बदललं असेल. गेमची नवी आवृत्ती रात्रीत उतरते आणि जुने मॉड तिच्यासाठी परके होतात. २०२० साली १.३७ आवृत्तीत गेमची ध्वनियंत्रणा बदलून एफमॉड आली, तेव्हा जुने आवाजाचे मॉड एका झटक्यात निकामी झाले. २०२१ मध्ये १.४० आवृत्तीत प्रकाशयोजना नव्याने बांधली गेली, तेव्हा हवामान आणि उजेडाच्या मॉडवर तीच पाळी आली.

मॉड मॅनेजर विसंगत मॉड वेगळे दाखवतो. पण ही माहिती मॉडच्या लेखकाने स्वतः भरलेली असते. त्याने तो रकाना मोकळा सोडला असेल तर गेमला काहीच कळत नाही. म्हणून यादीत इशारा दिसत नाही याचा अर्थ मॉड चालेलच असा धरू नका. मॉडच्या पानावर कोणती आवृत्ती लिहिली आहे ते स्वतः वाचा.

सुदैवाने या गेममध्ये मागे फिरायची सोय आहे. स्टीमवर गेमच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘बीटाज’ हा विभाग असतो. तिथे विसंगत मॉड वापरणाऱ्यांसाठी जुन्या आवृत्त्या ठेवलेल्या असतात. तुमचे आवडते नकाशे ज्या आवृत्तीसाठी आहेत ती निवडा आणि नकाशाकार नवी आवृत्ती देईपर्यंत तिथेच थांबा. एक काळजी मात्र घ्या: नव्या आवृत्तीत सेव्ह केलेला प्रवास जुन्या आवृत्तीत उघडेलच असं नाही. त्यासाठीच सुरुवातीला प्रत घ्यायला सांगितलं.

डीएलसीचंही तसंच. मोठे नकाशे कंपनीच्या अधिकृत नकाशांवर उभे असतात. ‘प्रोमॉड्स’सारख्या नकाशाला अधिकृत नकाशांचे डीएलसी लागतात, एखादा नसला तर पायरीच नसल्यासारखं होतं. भारतातल्या नकाशांच्या मॉडपैकी काही स्वतंत्र चालतात, काही मूळ नकाशाला जोडलेले असतात. मॉड उतरवण्याआधी त्याच्या गरजांची यादी वाचायला दोन मिनिटं लागतात.

कोण वर, कोण खाली

मॉड मॅनेजरच्या उजव्या यादीत जो मॉड सर्वांत वर असतो त्याचा शब्द अखेरचा. दोन मॉडनी एकच फाइल बदलली असेल तर वरचा जिंकतो, खालच्याचा बदल झाकला जातो. त्यामुळे क्रम चुकला की दोन निर्दोष मॉडसुद्धा मिळून गेम पाडतात.

साधारणपणे नकाशे तळाला ठेवतात. दोन नकाशांना जोडणारा रस्त्याचा मॉड त्या दोघांच्या वर. त्यावर ट्रक, बस आणि ट्रेलर, मग ट्रॅफिक, मग हवामान, आवाज आणि वाहनाच्या चालीचे मॉड. मोठा नकाशा तीन-चार तुकड्यांत येत असेल तर त्या तुकड्यांचा क्रम लेखकाने दिलेला असतो. तो जसाच्या तसा पाळा, आपली अक्कल तिथे चालवू नका.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे एका कामाला एकच मॉड. हवामानाचे दोन, ट्रॅफिकचे तीन, अर्थव्यवस्थेचे दोन अशी भरती झाली की ते एकमेकांचे पाय ओढतात. नाकापेक्षा मोती जड अशी अवस्था होते. भारतीय बसच्या मॉडमध्ये आणखी एक गोष्ट पाहावी लागते. बरेचदा एकाच मूळ बसवर वेगवेगळ्या जणांनी रंग, फलक आणि हॉर्न चढवलेले असतात. नावं निराळी, आतली फाइल तीच. अशा दोन बस एकत्र चालू ठेवल्या तर एक बस दुसरीचं रूप घेते किंवा दुकान उघडताच गेम पडतो. त्यातली एकच ठेवा.

अर्ध्यावर अर्धे

लॉगने नाव सांगितलं नाही आणि क्रमही ठीक आहे, तर शेवटचा हमखास मार्ग उरतो. समजा ६४ मॉड आहेत. एकेक काढून पाहायचं तर ६४ चाचण्या. त्याऐवजी निम्मे, म्हणजे ३२ बंद करा. गेम चालला तर दोषी बंद केलेल्यांत आहे, कोसळला तर चालू असलेल्यांत. ज्या गटात दोषी आहे त्याचे पुन्हा दोन भाग करा: १६, मग ८, ४, २ आणि १. सहा चाचण्यांत ६४ मधला एक सापडतो. मॉड १२८ असले तरी सातच चाचण्या.

दोन पथ्यं पाळा. एक, जे मॉड एकमेकांवर अवलंबून आहेत ते एकाच गटात ठेवा. नकाशाचे तुकडे वेगळे केले तर त्यामुळेच गेम पडेल आणि चाचणी फसवेल. दोन, या चाचण्या रोजच्या प्रोफाइलवर न करता तिच्या प्रतीवर किंवा नव्या प्रोफाइलवर करा. कधी कधी दोन्ही अर्ध्या भागांत गेम व्यवस्थित चालतो आणि एकत्र केल्यावरच पडतो. तेव्हा दोषी एकटा मॉड नसून जोडी असते: पहिल्या गटातला एक आणि दुसऱ्या गटातला एक. पहिला गट पूर्ण चालू ठेवून दुसऱ्याचे अर्धे-अर्धे भाग त्यात मिसळत गेलात की जोडीही उघडी पडते.

या पद्धतीचा खरा फायदा असा की शेवटी टाकलेल्या मॉडला उगाच शिक्षा होत नाही. नवा मॉड अनेकदा फक्त निमित्त ठरतो. दोष आधीपासून आत बसलेल्या दुसऱ्या मॉडमध्ये असतो. निमित्त ठरलेला मॉड काढून समाधान मानणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

सेव्ह जपायचा तर

मॉड चालू करणं सोपं, काढणं जोखमीचं. मॉडचा ट्रक तुमच्या मालकीचा असताना मॉड बंद केला तर सेव्हमध्ये त्या ट्रकचा उल्लेख राहतो आणि गेमकडे ट्रक नसतो. म्हणून क्रम असा: हातातलं काम पूर्ण करा, मॉडचा ट्रक आणि ट्रेलर विकून मूळ गेममधला ट्रक घ्या, तुमच्या चालकांकडे त्या मॉडचे ट्रक असतील तर तेही बदला. नकाशा काढायचा असेल तर आधी मूळ नकाशातल्या शहरात या. मग हाताने सेव्ह करा, बाहेर पडा आणि त्यानंतर मॉड बंद करा. पुढच्या वेळी सेव्ह उघडताना मॉडची यादी बदलल्याचा इशारा गेम देईल; तो अपेक्षितच आहे.

फक्त ऑटोसेव्हवर भिस्त ठेवू नका. फाइल लिहिली जात असताना लाइट गेली तर तो सेव्ह अर्धवट राहतो आणि पुढे उघडताना गेम पाडतो. मोठा बदल करण्यापूर्वी नव्या नावाने सेव्ह करण्याची सवय लावा.

दोष यंत्राचा असेल तर

भाटघर धरणावर वीजनिर्मिती होते, तरी पावसाळ्यात भोर आणि वेल्ह्यातल्या गावांत लाइट येते-जाते हे कुणाला सांगायला नको. लाइट जाणं निदान दिसतं. दिसत नाही ते विजेचा दाब क्षणभर कमी होणं. बल्ब जरासा मिणमिणतो, पंखा हळू होतो आणि ग्राफिक्स कार्ड पूर्ण ताकदीने चालू असलेला संगणक धाडकन रिस्टार्ट होतो. पॉवर सप्लाय जुना किंवा कमी क्षमतेचा असेल तर हे लवकर होतं. साधं टायपिंग करताना तोच संगणक दिवसभर चालतो, म्हणून सगळं खापर गेमवर फुटतं. विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘कर्नल-पॉवर’ नावाखाली ४१ क्रमांकाची नोंद दिसली तर संगणक नीट बंद न होता बंद पडला, एवढं पक्कं समजतं. चांगला यूपीएस घ्या, पण त्याची क्षमता गेम चालू असतानाच्या भाराला पुरते का ते विचारून घ्या. घराचं अर्थिंगही एकदा वायरमनकडून तपासून घ्या.

उष्णतेचं गणित वेगळं. लॅपटॉपचा प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या घरात गेला की स्वतःचा वेग कमी करतो, गेम अडखळू लागतो. त्याहून वर गेला तर बंद होतो. गादीवर ठेवलेला लॅपटॉप आणि धुळीने भरलेला पंखा ही नेहमीची कारणं. तापमान दाखवणारा प्रोग्रॅम चालू ठेवून एक फेरी मारा, क्रॅशच्या आधीचा आकडा लिहून ठेवा.

मेमरीचं पाहायचं तर ‘टास्क मॅनेजर’ उघडा. ८ जीबी रॅमवर तीन मोठे नकाशे, दाट ट्रॅफिक आणि मागे उघडा ब्राउझर, एवढं पेलणं कठीण. काही जण वेग वाढेल म्हणून विंडोजची पेज फाइल बंद करतात. मोठ्या मॉडच्या गेममध्ये हा उपाय अंगाशी येतो, कारण मेमरी संपली की गेमला माघारीला जागाच उरत नाही. ती विंडोजच्या ताब्यात राहू द्या आणि ड्राइव्हवर पुरेशी मोकळी जागा ठेवा. काही नकाशाकार स्टीमच्या ‘लाँच ऑप्शन्स’मध्ये मेमरीसंबंधी एक ओळ घालायला सांगतात, ती त्यांच्या पानावरून जशीच्या तशी घ्या, आकडे मनाने वाढवू नका. रॅम खराब असल्याचा संशय असेल तर ‘मेमटेस्ट८६’ रात्रभर चालवा. एक जरी दोष दाखवला तरी मॉडवर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

प्रोसेसरसुद्धा दोषी निघू शकतो. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतले काही डेस्कटॉप प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे अस्थिर होत असल्याचं २०२४ मध्ये उघड झालं आणि कंपनीने मायक्रोकोडची दुरुस्ती दिली. असा प्रोसेसर असेल आणि एकापेक्षा जास्त गेम पडत असतील, तर मदरबोर्डचा बायॉस अद्ययावत आहे का ते आधी पाहा.

दुसरे गेम, तीच रीत

‘स्कायरिम’मध्ये हीच रीत लागू होते, नावं बदलतात. २०११ च्या मूळ ३२-बिट आवृत्तीला ४ जीबीपेक्षा जास्त मेमरी वापरता येत नाही. २०१६ ची स्पेशल एडिशन ६४-बिट आहे, मॉडसाठी तीच घ्या. नोव्हेंबर २०२१ च्या अपडेटने स्क्रिप्ट एक्स्टेंडर या पूरक प्रोग्रॅमवर चालणारे कितीतरी मॉड बंद पाडले, त्यामुळे गेमची आणि स्क्रिप्ट एक्स्टेंडरची आवृत्ती जुळवणं हे पहिलं काम. पूर्ण वजनाच्या प्लगइनची मर्यादा सुमारे २५४ आहे. हलक्या प्लगइनना ती लागू नाही. स्क्रिप्ट असलेला मॉड खेळाच्या मध्यात काढला की त्याचे अवशेष सेव्हमध्ये राहतात, म्हणून तो काढायचा तर नवा खेळ सुरू करायचा.

‘माइनक्राफ्ट’मध्ये ‘क्रॅश-रिपोर्ट्स’ फोल्डर पाहा. फोर्ज आणि फॅब्रिक हे मॉड चालवणारे वेगवेगळे लोडर; एकाचे मॉड दुसऱ्यात घातलेत का, हा पहिला प्रश्न. जावा कोणता, हा दुसरा: १.१८ पासून १.२०.४ पर्यंत जावा १७, १.२०.५ पासून किमान जावा २१. मोठ्या मॉडपॅकला ६ ते ८ जीबी मेमरी सहसा पुरते. संगणकाची सगळी रॅम देऊन टाकलीत तर विंडोज उपाशी राहतं आणि गेम उलट अडखळतो.

मॉड कुठून घेता?

मोबाइल डेटावर कित्येक जीबींची फाइल उतरवताना रेंज गेली की फाइल अर्धवट राहते, कधी नावाला पूर्ण दिसते. झिप किंवा रार स्वरूपातली फाइल सेव्हन-झिपमध्ये ‘टेस्ट’ करून पाहा. दोष निघाला तर ती टाकून द्या. शक्य तिथे स्टीम वर्कशॉप वापरा, तुटलेलं डाउनलोड ते पुढे सुरू करतं.

ट्रक सिम्युलेटरचा मॉड एससीएस किंवा झिप फाइल असतो. मॉडच्या नावाखाली ईएक्सई फाइल चालवायला सांगितली, अँटिव्हायरस बंद करायला सांगितला, किंवा पासवर्डसाठी दुसरं काही उतरवायला लावलं तर तिथून परत फिरा. नावाजलेल्या ठिकाणीही सावध राहावं लागतं: जून २०२३ मध्ये कर्सफोर्ज आणि बकिट या माइनक्राफ्टच्या मॉडसाठी प्रसिद्ध असलेल्या ठिकाणी काही मॉडमधून ‘फ्रॅक्चरायझर’ हे मालवेअर पसरलं होतं. ज्या संगणकावरून घरचे बँकेचे व्यवहार करतात, त्यावर मॉडची प्रयोगशाळा मांडू नका.

मदत मागताना

‘गेम चालत नाही, काय करू?’ असं विचारलंत तर उत्तर ‘पुन्हा टाकून बघ’ असंच येईल. गेमची आवृत्ती, डीएलसीची यादी, मॉडची यादी क्रमासह, क्रॅशची वेळ आणि ठिकाण, लॉगची फाइल, रॅम आणि ग्राफिक्स कार्ड एवढं एकत्र द्या. मॉडशिवायच्या प्रोफाइलवर गेम चालतो की नाही हे आवर्जून सांगा. लॉगमध्ये तुमच्या विंडोज वापरकर्त्याचं नाव असू शकतं. सगळ्यांसमोर टाकण्याआधी ते पुसा.

आणि गेम नीट चालू लागला की तिथेच थांबायला शिका. त्या दिवशी मॉड फोल्डरची, प्रोफाइलची आणि मॉडच्या क्रमाची एक प्रत तारीख घालून बाजूला ठेवा. ‘बीटाज’मधून चालणारी आवृत्ती कायम ठेवा. नवा मॉड हवा असेल तर एकच टाका, दोन-तीन फेऱ्या मारा, वहीत लिहा आणि मग पुढचा. असं केलंत तर गेम पुन्हा कधी कोसळला, तरी शोधायला शेवटच्या नोंदीपासूनची दोन पानंच पुरतील, आणि दुरुस्तीत जाणारी संध्याकाळ गाडी चालवण्यात जाईल.